१८१८ च्या मोहिमेसाठी वॉरगेमचा नकाशा घरी कसा आखावा? घरं चौकोनी की षटकोनी?

वॉरगेम म्हणजे नकाशावर फौजांच्या सोंगट्या सरकवून खेळायची लढाई. तुम्हाला आष्टीची लढाई ते सोलापूरचा वेढा ही १८१८ ची इंग्रज विरुद्ध पेशवा दुसरा बाजीराव मोहीम मित्रांबरोबर खेळायची आहे आणि नकाशा घरीच आखायचा आहे. मी सोलापूरकर, हाच मुलूख टेबलावर मांडून खेळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नकाशावरची घरं षटकोनीच घ्या. चौकोनात तिरकं पाऊल सरळ पावलाच्या १.४१ पट पडतं. पाच किलोमीटरच्या घरात तिरकं जाणाऱ्याला पाचाच्या किमतीत सात किलोमीटर मिळतात आणि मग सगळे तिरकेच पळतात. षटकोनाच्या सहाही शेजाऱ्यांपर्यंतचं अंतर सारखंच असतं.

पेन्सिल हातात घेण्याआधी एक घर म्हणजे किती किलोमीटर ते ठरवा, आणि ते फौजेच्या एका दिवसाच्या चालीवरून ठरवा. बैलांनी ओढलेल्या तोफा आणि पायदळ दिवसाला पंधरा किलोमीटर धरा, घोडदळ तीस. एक टर्न (खेळातली एक पाळी) एक दिवसाची आणि घर पाच किलोमीटरचं घेतलं की तोफांना तीन घरं, घोड्यांना सहा. पंढरपूर ते सोलापूर सरळ रेषेत साठेक किलोमीटर, म्हणजे बारा घरं. तोफांना चार दिवस, घोडदळाला दोन. हा फरक टेबलावर दिसलाच पाहिजे, कारण १८१८ चा सगळा खेळ पाठलागाचा आहे.

आता घर दोन सेंटीमीटर रुंद घ्या. दोन सेंटीमीटरला पाच किलोमीटर म्हणजे बरोबर १:२,५०,०००. याच प्रमाणाचे अमेरिकन लष्कराचे जुने नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. मूळ मापात प्रिंट काढा, वर बटर पेपर ठेवा आणि नद्या थेट उतरवून घ्या. मिलिमीटरच्या ग्राफ पेपरवर षटकोन आखायचा तर रुंदी २० मिमी, उभी बाजू ११.५ आणि तिरक्या बाजूची उंची ५.८. २२ बाय ३० इंचाची ड्रॉइंग शीट उभी धरली की २६ बाय ४० घरं आरामात बसतात. उत्तरेला परांडा, दक्षिणेला विजापूर, पश्चिमेला पंढरपूर, पूर्वेला नळदुर्ग, सगळं एका शीटवर येतं.

नंतरच्या काळातल्या गोष्टी मात्र आठवणीने गाळा. रेल्वे सोलापूरला १८६० मध्ये आली, हिप्परग्याचा एकरुख तलाव १८७१ चा आहे, उजनी तर परवाची.

खरी मेहनत नद्यांवर करा. नदी घराच्या पोटातून नेऊ नका, घरांच्या कडांवरून न्या. पोटातून नेली की तिथली फौज अलीकडे आहे की पलीकडे यावरच भांडणं होतात. आमच्याकडे चादरीचं डिझाइन जेकार्ड मागावर चढवण्याआधी ग्राफवर उतरवतात. मोराची मान कितीही वळणदार असो, प्रत्येक चौकटीत रंग आहे की नाही एवढंच ठरवावं लागतं. भीमेचंही तसंच करायचं. वळण थोडं मोडलं तरी चालेल, पण गाव योग्य काठावर पडलं पाहिजे.

एक जागा नीट पाहा: हत्तरसंग कुडल. इथे सीना भीमेला मिळते. पंढरपूर भीमेच्या उजव्या काठावर आणि सोलापूर सीनेच्या पूर्वेला, म्हणून पंढरपुराहून येणाऱ्याला दोन्ही नद्या ओलांडाव्या लागतात. विजापूरकडून येणारा संगमाच्या वर पोचला तर दोन, खाली पोचला तर एकच. संगम एक घर इकडेतिकडे झाला तर वेढ्याचं सगळं गणित बदलतं. तुळजापूरकडून येणाऱ्याला दोन्ही लागत नाहीत, पण बालाघाटचा चढउतार लागतो. बाकी मुलूख मोकळं माळरान आहे. घरं रिकामी दिसतात म्हणून उगाच झाडी पेरू नका.

नदीच्या कडांवर उतार दाखवा, म्हणजे जिथून पायी किंवा घोड्यावर पार होता येतं त्या जागा. आष्टी फेब्रुवारीत झाली, सोलापूरचा वेढा मे महिन्यात, त्यामुळे पाणी कमीच. पण मोहीम जूनच्या पुढे खेळणार असाल तर उतार बंद करा आणि काळ्या रानात तोफांची चाल तीनवरून एकवर आणा. लहान नदीलाही सूट देऊ नका. १७०० साली खवासपूरला माण नदीचा पूर औरंगजेबाच्या छावणीत शिरला, त्या धांदलीत बादशहा पडला आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला.

रंग फिके ठेवा, नाहीतर काउंटर (फौजांच्या सोंगट्या) उठून दिसत नाहीत. सोलापूरच्या नवी पेठेत स्कॅन करून मॅट फ्लेक्सवर छापून घेतलं की नकाशा गुंडाळून नेता येतो.

प्रत्येक घराला चार आकडी नंबर द्या, आधी स्तंभ मग ओळ: ०९१२, १०१२. आणि प्रती एक नव्हे, तीन छापा. दोन्ही बाजूंना एकेक, तिसरी पंचाकडे. बाजीराव नक्की कुठे आहे हेच इंग्रजांच्या जनरल स्मिथला शोधायचं होतं. आष्टीला गाठ पडली आणि पेशव्यांचे सेनापती बापू गोखले तिथे पडले. काउंटर उघड्यावर ठेवून हा शोध खेळताच येत नाही. प्रत्येकाने आपली चाल चिठ्ठीवर नंबराने लिहून पंचाला द्यायची आणि दोन फौजा शेजारच्या घरांत आल्या की मगच पंचाने तोंड उघडायचं.