जुन्या पेट्रोल मोटरबोटीत टाकी भरल्यावर वास येतो. उगम कसा शोधावा?

वास टाकी भरल्यावरच वाढत असल्यास संशय प्रथम इंधन भरण्याच्या नळीवर, हवा जाण्याच्या नळीवर आणि टाकीच्या माथ्यावरील इंधनमापकाच्या गॅस्केटवर घ्यावा, कारण टाकी निम्मी असताना पेट्रोल तिथवर सहसा पोहोचत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी साचते. म्हणून आधी बोटीच्या तळावरची आणि इंजिनाच्या कप्प्याची सर्व झाकणे उघडावीत आणि वास जाईपर्यंत इंजिन मुळीच सुरू करू नये. जुनी रबरी नळी वरून कोरडी दिसली तरी तिच्यातून वाफ झिरपत असू शकते. तिच्यावर स्वच्छ फडके घट्ट गुंडाळावे आणि काही वेळाने ते मोकळ्या हवेत नेऊन, शक्यतो दुसऱ्याकडून, हुंगून घ्यावे (आपले नाक एव्हाना सरावलेले असते). फडक्याला वास लागला असल्यास नळी बदलावीच. टेप गुंडाळणे हा निव्वळ वेळकाढूपणा आहे.