वाचकांचे प्रश्न: जैवइंधनामुळे हरितगृह वायू नेमके किती वाचतात?

प्रश्न: पीक वाढताना हवेतून जेवढा कार्बन घेतं, तेवढाच इंधन जळताना परत हवेत जातो. मग जैवइंधनाची बचत सरळ 100 टक्के का धरत नाहीत?

इंजिनातून निघणारा हा कार्बन डायऑक्साइड हिशेबात शून्यच धरतात. उरतो तो आधीचा खर्च: खत, नांगरणी, कारखान्याची वाफ आणि वीज, वाहतूक. मोजायचा तो एवढाच, पण तो लहान नसतो.

एकक आहे इंधनातल्या एका मेगाज्यूल ऊर्जेमागे कार्बन डायऑक्साइड-समतुल्य ग्रॅम, म्हणजे इतर वायूही तेवढीच उष्णतावाढ करणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या वजनात मोजायचे. लिटरला लिटर लावून तुलना केली की हिशेब तिथेच बिघडतो, कारण लिटरभर इथेनॉलमध्ये साधारण 21 मेगाज्यूल असतात, तर पेट्रोलमध्ये 32. युरोपीय संघाच्या 2018 च्या निर्देशात वाहतुकीच्या खनिज इंधनासाठी 94 ग्रॅमचा आकडा ठरवून दिला आहे. 94 मधून जैवइंधनाचे ग्रॅम वजा करा आणि उत्तराला 94 ने भागा, की बचत मिळते. 2021 पासून सुरू झालेल्या कारखान्यांच्या इंधनाला तिथे किमान 65 टक्के बचत दाखवावी लागते, म्हणजे 32.9 ग्रॅमच्या आत राहावं लागतं.

प्रश्न: मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या एकाच कारखान्याचे दोन अहवाल हाती आहेत. एकात बचत दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट आहे. फरक कुठे शोधायचा?

आधी बॉयलर पाहा. समजा, लिटरमागे 8 मेगाज्यूल वाफ लागते आणि बॉयलरची कार्यक्षमता 80 टक्के आहे. म्हणजे 10 मेगाज्यूलचं इंधन जाळावं लागतं. कोळशाच्या मेगाज्यूलमागे सुमारे 95 ग्रॅम निघतात, नैसर्गिक वायूच्या 56. लिटरमागे कोळशाचे 950 ग्रॅम. 21 ने भागले की 45. वायूवर हाच आकडा 27 वर येतो. नुसत्या कोळशाच्या बॉयलरने 94 मधला निम्मा भाग खाल्ला! तेव्हा ‘सरासरी इंधन’ असं लिहिलेला अहवाल स्वीकारू नका. वर्षभराची इंधन खरेदीची बिलं मागा.

मग शेत. हेक्टरी 150 किलो नत्र आणि 10 टन मका धरू. टनामागे 400 लिटर इथेनॉल म्हणजे 4,000 लिटर, अर्थात 84,000 मेगाज्यूल. दिलेल्या नत्रापैकी 1 टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपात उडतं, असा सर्वसाधारण गुणक वापरतात. इथे हमखास होणारी चूक अशी: हा 1 टक्का नत्राचा आहे, वायूचा नव्हे. म्हणून 1.5 किलोला 44/28 ने, म्हणजे वायूचं रेणुभार भागिले त्यातल्या नत्राचा भार, गुणायचं, 2.36 किलो वायू मिळतो. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या 298 पट धरतात; निर्देशातल्या या गुणकाने त्याचे सुमारे 700 किलो समतुल्य होतात, मेगाज्यूलमागे 8.4 ग्रॅम. 44/28 विसरलात तर 5.3 वरच थांबाल. शिवाय हे फक्त थेट उत्सर्जन; निचऱ्यातून आणि अमोनिया उडून होणारं वेगळं, आणि खत बनवताना झालेलंही वेगळं.

दोन अहवालांतली सर्वात मोठी तफावत मात्र बहुधा सहउत्पादनात सापडते. मक्यातून इथेनॉल निघतं तसा पशुखाद्याचा चोथाही निघतो, आणि तोवरचं उत्सर्जन दोघांत वाटायचं असतं. युरोपीय पद्धतीत ही वाटणी ऊर्जेच्या प्रमाणात होते. इथेनॉलच्या वाट्याला 60 टक्के आले तर वरचे 45 थेट 27 होतात. वाटणीसाठी निव्वळ उष्मांक वापरायचा असतो, म्हणजे पाण्याची वाफ होताना जाणारी उष्णता वजा करून. चोथा ओला विकला जातो आणि अहवालात उष्मांक कोरड्या चोथ्याचा टाकलेला असतो, असं झालं की चोथ्याचा वाटा फुगतो आणि इथेनॉल फुकट स्वच्छ दिसतं. म्हणून विक्रीच्या पावतीवरचं ओलाव्याचं प्रमाण तपासाच. काही पद्धतींत वाटणी न करता चोथ्यामुळे जे दुसरं पशुखाद्य वाचलं त्याचं श्रेय वजा करतात. दोन अहवालांत दोन पद्धती असतील तर ते आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

प्रश्न: जमिनीचा वापर बदलला तर किती फरक पडतो?

एवढा, की बाकी सगळी काटकसर वाया जावी. माती आणि झाडोऱ्यातल्या आधीच्या आणि आताच्या कार्बनसाठ्यातला फरक काढा, कार्बनचा कार्बन डायऑक्साइड करण्यासाठी 3.664 ने गुणा, 20 वर्षांत वाटा आणि हेक्टरी मिळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेने भागा. जंगल तोडून हेक्टरी 100 टन कार्बन गेला, तर वरच्याच शेताला वर्षाला 18.3 टन, मेगाज्यूलमागे 218 ग्रॅम येतात. 60 टक्के वाटणीनंतरही 131. पेट्रोल परवडलं! कुरण नांगरून 10 टनच गेले तरी 22 ग्रॅम. युरोपात मूळ स्थिती साधारणपणे जानेवारी 2008 ची धरतात, म्हणून त्या काळाची उपग्रह छायाचित्रं हिशेबासोबत जोडलेली हवीत.

आपल्या पिकामुळे दुसरीकडे कुठेतरी जंगल तुटतं, हा अप्रत्यक्ष बदल शेतात जाऊन मोजता येत नाही. तो आर्थिक प्रतिमानांतून येतो. निर्देशात त्याचे अंदाज आहेत: धान्यपिकांना 12 ग्रॅम, साखरेच्या पिकांना 13, तेलबियांना 55. ते अहवालात नोंदवतात, बचतीतून वजा करत नाहीत. तेलबियांच्या बाबतीत निर्णय घेताना ते नजरेआड करू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: पेंढा आणि भुसा यांना उत्सर्जन शून्य, हे बरोबर आहे का?

गोळा करण्याच्या क्षणापर्यंत शून्य. गठ्ठे बांधणं, वाहतूक आणि पुढची प्रक्रिया मोजावीच लागते.

प्रश्न: शेणापासूनच्या बायोमिथेनमध्ये (शुद्ध केलेल्या बायोगॅसमध्ये) काय चुकतं?

गळती. मिथेनच्या किलोत सुमारे 50 मेगाज्यूल असतात, म्हणजे मेगाज्यूलमागे 20 ग्रॅम वायू. त्यातला 1 टक्का, 0.2 ग्रॅम, निसटला तर मिथेनसाठीच्या 25 च्या गुणकाने 5 ग्रॅम समतुल्य. 5 टक्के निसटला तर 25 ग्रॅम. टाकीचे सांधे, शुद्धीकरणातून बाहेर सोडलेला वायू आणि उघड्या खड्ड्यात साठवलेली स्लरी (टाकीतून बाहेर आलेला पातळ शेणकाला) या तीन जागा आधी मोजा. स्लरीचा खड्डा झाकून तिथला वायूही गोळा केला, तर आकडा बहुधा सर्वात स्वस्तात खाली येतो.