वाचकांचे प्रश्न : बँक रिकामी का होत नाही?

प्रश्न : हॅकिंग स्पर्धेतल्या एका कोड्यात 'बँक' नावाच्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये (ब्लॉकचेनवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) 10 ईथर (इथेरियमचं चलन) आहेत, ते शून्यावर आणले की फ्लॅग (कोडं सुटल्याची खूण) मिळतो. पैसे काढायचं विथड्रॉ फंक्शन आधी ईथर पाठवतं, खात्यातल्या शिलकीची नोंद मागाहून कमी करतं. 1 ईथर भरून, रिसीव्हमधून (ईथर मिळताच आपोआप चालणाऱ्या फंक्शनमधून) पुन्हा विथड्रॉला कॉल करणारं कॉन्ट्रॅक्ट लिहिलं. तरी दर वेळी 'ट्रान्सफर फेल्ड' येऊन सगळं रिव्हर्ट होतं (उलटून पूर्ववत होतं).

उत्तर : आधी रिसीव्ह कुठे थांबतं ते बघा. तुमचा 1 धरून बँकेत 11 ईथर होतात, म्हणजे विथड्रॉ 11 वेळाच चालणार. बाराव्या कॉलला द्यायला काही उरत नाही. तो फसतो आणि आधीचे अकराही उलटवतो. त्यामुळे बँकेत 1 ईथरपेक्षा कमी उरलं की पुढचा कॉल करायचा नाही, एवढी अट रिसीव्हमध्ये घाला. बँकेत 10.5 असते तर 1 भरून तळाशी अर्धा उरला असता, तिथे 0.5 किंवा 1.5 भरा, म्हणजे भाग निःशेष जाईल.

एवढं करूनही रिव्हर्ट होत असेल, तर मेख वजाबाकीच्या ओळीत आहे. डिसेंबर 2020 मध्ये आलेल्या सॉलिडिटी (कॉन्ट्रॅक्ट लिहायची भाषा) 0.8.0 पासून शून्याखाली जाणारी वजाबाकी आपोआप रिव्हर्ट होते. सगळ्यात आतला कॉल 1 मधून 1 वजा करून नोंद शून्य करतो. त्याच्या बाहेरचा शून्यातून 1 वजा करायला जातो आणि तिथेच पॅनिक 0x11 (आकडेमोड हद्दीबाहेर गेल्याची चूक) होतो. तुम्हाला दिसतो तो संदेश फक्त वरचा. फोर्ज या चाचणी-साधनाची टेस्ट चार 'व्ही' (-vvvv) लावून चालवा, ट्रेसमध्ये (कॉल्सच्या नोंदीत) आतला पॅनिक सापडेल. ट्राय-कॅचने (चूक पकडून पुढे जाणाऱ्या कोडने) तो गिळूनही फायदा नाही, कारण त्या कॉलने पाठवलेलं ईथरही परत जातं.

मात्र नोंद थेट शून्य केली जात असेल, वजाबाकी अनचेक्ड ब्लॉकमध्ये (जिथे ही तपासणी बंद असते) असेल, किंवा पाठवण्यापूर्वी लोकल व्हेरिएबलमध्ये घेतलेल्या जुन्या आकड्यातून वजा होत असेल, तर हल्ला लागू पडतो. यातलं काहीच नसेल तर रीएन्ट्रन्सीचा (असं पुन्हा पुन्हा आत शिरण्याचा) नाद सोडा. हे आमिष असतं, आणि कोडी रचणाऱ्यांना ते फार आवडतं! 2016 च्या जूनमध्ये द डाओ या इथेरियमवरच्या गुंतवणूक निधीमधून अशाच हल्ल्यात सुमारे 36 लाख ईथर गेले तेव्हा भाषेत हा पहारा नव्हता.

प्रश्न : कॉन्ट्रॅक्टमधला पासवर्ड 'प्रायव्हेट' आहे. वाचायचा कसा?

उत्तर : प्रायव्हेट म्हणजे दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला थेट वाचता येत नाही, एवढंच; नोडकडून (ब्लॉकचेनची प्रत ठेवणाऱ्या संगणकाकडून) कोणताही स्टोरेज स्लॉट (साठवणीचा 32 बाइटचा कप्पा) मागता येतो. चूक होते ती स्लॉट मोजताना. समजा ॲड्रेस, बूल (खरं-खोटं), यूइंट256, यूइंट64 (256 आणि 64 बिटांच्या पूर्ण संख्या) आणि मग दोन बाइट्स32 चा (32 बाइटच्या मूल्यांचा) ॲरे असा व्हेरिएबल्सचा क्रम आहे. ॲड्रेसचे 20 बाइट आणि बूलचा 1 मिळून स्लॉट 0, पुढचे दोन 1 आणि 2 मध्ये, ॲरे नव्या स्लॉटपासून : 3 आणि 4. कॉन्स्टंट आणि इम्युटेबल (न बदलणारी मूल्यं) मोजू नका, ते बाइटकोडमध्ये (कॉन्ट्रॅक्टच्या चालणाऱ्या कोडमध्येच) असतात. पासवर्ड बाइट्स16 स्वरूपात हवा असेल तर डावीकडचे 16 बाइट घ्या.