वायपर नवा, पट्टा जुनाच

प्रश्न : माझी फोर बाय फोर जुनी आहे, पंचविशी कधीच ओलांडली, पुढची काच अगदी सपाट. वर्षभरात वायपरची ब्लेडं दोनदा बदलून झाली. आधी पत्र्याच्या फ्रेमवाली होती, या वेळी हौसेने ती नवीन बिनफ्रेमची घातली. तरी ड्रायव्हरच्या बाजूला, ब्लेडच्या मधल्या भागात, बरोब्बर नजरेसमोर चार बोटं रुंद पाण्याचा पट्टा राहतोच, आणि वायपर वर जाताना गप जातो पण खाली येताना थडथड थडथड करत येतो. आता तिसरी जोडी घेऊ का?

उत्तर : नका घेऊ, निदान आत्ताच नको. तुम्ही लिहिलेल्या दोन्ही तक्रारींत ब्लेडचा दोष कमीच दिसतोय.

आधी पट्ट्याचं बघू. बिनफ्रेमचं ब्लेड हातात घेऊन बघा, ते धनुष्यासारखं वाकलेलं असतं, कारण ते गोलाई असलेल्या काचेसाठी बनवलेलं असतं आणि आर्मच्या, म्हणजे ब्लेड धरणाऱ्या दांड्याच्या दाबाने सरळ होऊन काचेला चिकटावं अशी त्यामागची कल्पना. तुमची काच सपाट, त्यात आर्मची स्प्रिंग इतक्या वर्षांनी सैल पडलेली असणार, मग दोन्ही टोकं काचेला टेकतात आणि मधला भाग अधांतरी, तोच तुमचा पट्टा. सपाट काचेला जुनी फ्रेमवालीच बरी, दिसायला जुनाट दिसली तर दिसू देत. आणि मापाचीच घ्या, लांब ब्लेड घातलं की जास्त काच पुसली जाईल असं वाटतं खरं पण तेवढाच दाब जास्त लांबीवर वाटला जातो आणि कडेला रबरच्या बीडिंगवर आपटतं ते वेगळंच.

स्प्रिंग तपासायला सामान तोलायचा हुकवाला काटा पुरतो. जिथे ब्लेड आर्मला जोडलंय तिथे हुक अडकवा, सरळ वर ओढा आणि ब्लेड काच सोडतं त्या क्षणी आकडा वाचा. ब्लेडच्या दर सेंटीमीटरमागे साधारण १५ ग्रॅम हा ढोबळ हिशोब, म्हणजे १२ इंची ब्लेडला, जे ३० सेंटीमीटर धरा, साडेचारशे ग्रॅमच्या आसपास यायला हवं. दोन-अडीचशेच आले तर ब्लेड कुठलंही घाला, उपयोग नाही. आधी आर्मच्या बिजागरीत तेलाचा थेंब सोडून तो मोकळा करून बघा, कधीकधी स्प्रिंग ठीक असते, बिजागरीच गंजून जाम झालेली असते. त्यानेही नाही झालं तर आर्म बदला. नवा आर्म बसवताना वायपर चालू करून बंद करा, म्हणजे मोटर तिच्या मुक्कामाला येऊन थांबेल, आणि मगच आर्म त्याच्या दातेरी खुंटीवर बसवा, नाहीतर पहिल्याच फेरीत तो बॉनेटवर नाहीतर काचेच्या कडेच्या खांबावर आदळेल.

आता थडथड. एकाच दिशेला होते हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण उत्तर तिथेच आहे. रबराची पातळ कड काचेवर सरळ उभी राहून पुसत नाही, ती मागे झुकून घसटत येते आणि फेरी उलटली की कूस बदलते. आर्म जरा जरी पिळला गेला असेल तर एका दिशेला तिला कूस बदलता येत नाही, ती काचेत रुतते, सुटते, परत रुतते. ब्लेड काढा, आर्म काचेच्या मध्यावर आणा (खाली जाडसर कपडा घडी करून ठेवा हं, उघडा आर्म सुटून काचेवर बसला तर तडा ठरलेला) आणि आर्मच्या टोकाची सपाट बाजू काचेला समांतर आहे का ते कडेने वाकून बघा. तिरकी दिसली तर एका पकडीने आर्म धरून दुसरीने टोक किंचित पिळा. किंचित म्हणजे किंचितच, नजरेला जेमतेम जाणवेल इतकं, मग ब्लेड लावून ओल्या काचेवर चालवून बघा, परत हवं तर परत पिळा. जुन्या गाड्यांत आर्मचं टोक हुकासारखं वळलेलं नसून सरळ पट्टी असते, त्यावर ॲडॅप्टर लावून ब्लेड बसवलं असेल आणि ते हाताने डगडग हलत असेल तर थडथड तिथूनही येते, ते पहिल्यांदा बघा.

एवढं सगळं करण्याआधी काच मात्र नीट धुवा. शॅम्पूतलं मेण, डिझेलच्या धुराचा तेलकट थर हे साध्या पाण्याने जात नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोल कपड्यावर घेऊन पुसा, रबराची कडही त्यानेच पुसा, कपडा काळा होणं थांबेपर्यंत. रॉकेल-पेट्रोल रबराला लावू नका, ते फुगतं.

प्रश्न : पूर्ण ब्लेड न घेता नुसतं रबर बदललं तर चालतं का?

उत्तर : चालतं की, फ्रेमचे सांधे ढिले नसतील तर तेच करावं. फक्त जुन्या रबरात दोन पातळ स्टीलच्या पट्ट्या असतात त्या फेकू नका, आधी नवीन रबरासोबत आल्यात का बघा. काढताना त्यांची खाच आणि बाक कुठल्या बाजूला होता त्याचा फोटो काढून ठेवा, उलट्या बसल्या की परत तोच पट्टा. आणि रबराचं बंद टोक फ्रेमच्या शेवटच्या नख्यांत अडकलंय ना ते ओढून बघा, नाहीतर भर पावसात रबर सरकत बाहेर येतं आणि पत्रा काचेवर गोल चरा पाडतो, जो नंतर कशानेच जात नाही.

प्रश्न : चिखलातून आल्यावर लगेच वायपर मारला तर काय बिघडतं?

उत्तर : काच. वाळूचे कण रबरात रुततात आणि वायपरचा पॉलिश पेपर होतो. आधी भरपूर पाणी, मग वायपर. वॉशरची धार बारीक झाली असेल तर नोझलमध्ये टाचणी घालून बघा, आणि मागच्या दाराचा वायपर असेल तर त्याचंही रबर बघाच, चिखल सगळ्यात जास्त तिथेच उडतो आणि ते रबर उन्हाने चिरलंय हे कुणाच्या लक्षातही नसतं.