गव्हाचा भ्रूण रुजण्यापूर्वीच संरक्षक प्रथिने तयार करतो का?

होय. दाणा ओंबीत भरत असतानाच भ्रूणातील ॲब्सिसिक आम्ल या संप्रेरकाच्या प्रभावाखाली 'व्हीट जर्म ॲग्लुटिनिन' या लेक्टिनच्या (शर्करांना चिकटणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकांची अभिव्यक्ती वाढते, म्हणजे ते अधिक प्रमाणात तयार होते. पोळीचा गहू षट्‌गुणित (गुणसूत्रांचे सहा संच असलेला) असल्यामुळे अ, ब आणि ड या तिन्ही जनुकसंचांतून त्याची 3 जवळपास सारखी रूपे तयार होतात. मला सर्वांत लक्षणीय वाटते ती या प्रथिनाची जागा: ते प्रामुख्याने मूलांकुर (भ्रूणातील कोवळे मूळ), मूलटोपी आणि मूलांकुराचे आवरण यांच्या बाहेरच्या पेशींतील रिक्तिकांमध्ये (साठवणीच्या पोकळ्यांमध्ये), म्हणजे रुजताना मातीला प्रथम भिडणाऱ्या भागांत साठते. हे लेक्टिन कायटिनला (कीटकांच्या शरीरात आणि बुरशीच्या पेशीभित्तीत असणाऱ्या पदार्थाला) घट्ट चिकटते, आणि कृत्रिम आहारात मिसळल्यास मका पोखरणाऱ्या युरोपीय खोडकिडीच्या अळ्यांची वाढ रोखते. मात्र बुरशीविरुद्धचा त्याचा परिणाम तितका निर्विवाद मानता येत नाही.