कांजिण्या एकदाच, सर्दी मात्र सारखी: प्रतिकारशक्ती कमी पडतेय का?

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या त्या पुन्हा आल्या नाहीत, पण सर्दी वर्षातून दोन-तीनदा होतेच, म्हणून तुम्हाला शंका आली आहे. काळजी नको. एवढी सर्दी धडधाकट माणसालाही होते.

विषाणू शरीरात शिरला की आधी धावतात त्या सरसकट हल्ला करणाऱ्या पेशी. समोर नेमका कोण आहे याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं. ताप, सूज, वाहणारं नाक हा त्रास बराचसा या धुमश्चक्रीचाच असतो.

मला खरी कमाल वाटते ती पुढच्या टप्प्याची. काही पेशी विषाणूचे तुकडे घेऊन लसीका ग्रंथींमध्ये जातात (घसा धरल्यावर जबड्याखाली गाठी लागतात ना, त्याच). तिथे ‘बी’ आणि ‘टी’ नावाच्या पांढऱ्या पेशींची प्रचंड फौज असते, आणि त्यातली प्रत्येक पेशी एखादाच ठरावीक आकार ओळखते. ओळखणारे हे साचे विषाणू पाहून बनत नाहीत. पेशी घडतानाच जनुकांचे तुकडे उलटसुलट जुळवून ते तयार होतात, म्हणजे कधीच न पाहिलेल्या रोगावरचं उत्तर बहुधा आधीपासूनच अंगात असतं! प्रतिपिंडांच्या (विषाणूला चिकटून त्याला अडवणाऱ्या प्रथिनांच्या) बाबतीत हे उलगडणाऱ्या सुसुमु तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञांना १९८७ चं नोबेल मिळालं.

आकार जुळलेली पेशी भराभर वाढते. बी पेशी प्रतिपिंडं सोडतात, टी पेशी लागण झालेल्या पेशी मारतात. पहिल्या खेपेला यात आठवडाभर तरी जातो. बरं वाटल्यावर यातल्या बहुतेक पेशी मरतात, पण थोड्या स्मृतिपेशी उरतात, आणि त्या पुढच्या वेळी फार लवकर कामाला लागतात. ही स्मृती किती टिकते? उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर १७८१ नंतर थेट १८४६ मध्ये गोवराची साथ आली. तेव्हा पीटर पानुम या डॅनिश डॉक्टरला आढळलं, की आधीच्या साथीत गोवर झालेल्या म्हाताऱ्यांपैकी कुणालाच तो पुन्हा झाला नव्हता.

मग सर्दी का होते? कारण एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून जास्त प्रकार आहेत, शिवाय सर्दी करणारे इतर विषाणू वेगळेच. एकाची ओळख दुसऱ्याशी लढताना फारशी उपयोगी पडत नाही. कांजिण्यांचा विषाणू मात्र मुळात एकच.

तो शरीरातून जात मात्र नाही, मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो. वयानुसार टी पेशींचा पहारा ढिला पडला की नागीण होऊन बाहेर येतो. तिच्यावर लस आहे, तेव्हा पन्नाशी ओलांडली असेल तर सर्दीपेक्षा त्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा.