अनुदान मागायचंय? आधी नान्नजचा माळ बघ

उष्णकटिबंधीय जंगलावरच्या कामासाठी अनुदान मागतोयस ना? मग असं जंगल म्हणजे ॲमेझॉनच असं काही नाही रे. भारतातल्या जंगलांच्या चॅम्पियन-सेठ वर्गीकरणात आपलं काटेरी जंगलही त्यातच येतं. तेव्हा सोलापूरजवळच्या नान्नजचा हिवर, बोर, बाभूळ सोडू नको. प्रस्तावात 'जैवविविधता वाचवू' असलं मोघम नको. शेळ्यांच्या चराईत कुठली रोपं टिकतात ते मोजणार, असं लिही. सुरुवात ब्रिटनच्या रफर्ड फाउंडेशनपासून कर, नवख्यांनाही छोटं अनुदान देतात. तिथं तीन शिफारसकर्ते लागतात. त्यांना आधी फोन कर, ऐनवेळी नको. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात शिरायचं तर वनखात्याची परवानगी लागते, अर्ज आत्ताच टाक, फाइल निवांत चालते. संस्थेमार्फत परदेशी पैसा घेणार असशील तर तिची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आहे का ते विचार. रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच जमा होते.